रात्रीची लाईट, लिथियमची गोळी आणि मेंदू

घरातल्या कुणाला बायपोलर आजार आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की उजनी धरणाच्या दोन्ही काठांना, इकडे करमाळा-माढ्यात आणि पलीकडे इंदापुरात, पहिला प्रश्न बहुतेक एकच निघतो : डोक्याचा फोटो काढायचा का? मग अकलूज, बारामती, सोलापूर, कुठं एमआरआय स्वस्तात होईल याची चौकशी सुरू होते. कुणाचा तरी पाहुणा तिथं कामाला असतोच. काही हजार रुपये जातात, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहून येतं आणि घरचे आणखी गोंधळतात. फोटो चांगला आहे, मग आजार कसा? काही जण तेवढ्यावर गोळ्या बंद करतात.

हा खर्च बहुतेकांनी करू नये. बायपोलर आजार एमआरआयमध्ये दिसत नाही. तो ओळखला जातो माणसाच्या वागण्या-झोपण्याच्या इतिहासावरून. फोटो लागतो तो ठरावीक वेळी : आजार पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच दिसला, सोबत फिट आली, डोक्याला मार लागला होता, ताप आहे किंवा हातपाय लुळे पडतायत. अशा वेळी दुसराच काही आजार नाही ना, हे डॉक्टरांना पाहायचं असतं. ते सांगतील तेव्हाच काढा.

पण त्याच वेळी हेही खरं आहे की या आजाराचा आणि मेंदूत हळूहळू होणाऱ्या बदलांचा संबंध आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते नीट समजून घेतलं तर घरात काय करायचं आणि काय टाळायचं, यातला बराचसा भाग आपोआप सुटतो.

आजार थोडक्यात असा. काही दिवस माणूस चढतो : झोप दोन-तीन तासांवर येते, तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, एकाच आठवड्यात ट्रॅक्टर, बोअर आणि पोल्ट्री असे तीन बेत ठरतात, कुणी अडवलं तर अंगावर येतो. पुढे कधीतरी तोच माणूस खाली जातो : अंथरुणातून उठवत नाही, बोलावंसं वाटत नाही, जगण्यात काही राहिलं नाही असं म्हणतो. मधल्या काळात तो तुमच्या-आमच्यासारखाच असतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) भारतात साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावात सरासरीनं पंधरा माणसं. तुमच्या गावात नाही असं वाटत असेल तर त्यांचं नाव वेगळं ठेवलेलं असतं : कुणाला ‘बाहेरचं’ झालेलं असतं, कुणी ‘सणकी’ असतो, कुणी ‘उधळ्या’.

आता मेंदूचं. २०१८ साली ‘एनिग्मा’ नावाच्या आंतरराष्ट्रीय संशोधक गटानं २,४४७ बायपोलर रुग्ण आणि ४,०५६ निरोगी माणसं यांचे एमआरआय एकत्र करून मोजले. रुग्णांमध्ये मेंदूचा वरचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, कपाळामागच्या आणि कानशिलाच्या भागात किंचित पातळ निघाला. हा थर मुळातच दोन ते चार मिलिमीटर जाड असतो, त्यात केसभराचा फरक. तो हजारो माणसांची सरासरी काढली तरच दिसतो. एका माणसाचा फोटो समोर ठेवून कुणाला काही सांगता येत नाही. टेंभुर्णीच्या रेडिऑलॉजिस्टला नाही आणि अमेरिकेतल्यालाही नाही. तुमचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो तो यामुळे.

त्याहून कामाचं संशोधन २०२२ मध्ये आलं. त्याच गटानं ३०७ रुग्णांचे आणि ९२५ निरोगी माणसांचे एमआरआय काही वर्षांच्या अंतरानं दोनदा काढून ताडून पाहिले. बायपोलर झाला की मेंदू निरोगी माणसापेक्षा भराभर झिजतो, अशी भीती अनेक वर्षं होती. वरच्या थराच्या बाबतीत तसं सरसकट आढळलं नाही. ज्यांना मधल्या काळात चढाचे झटके जास्त आले, त्यांचा थर जास्त वेगानं पातळ झाला, आणि तोही मुख्यतः कपाळामागचा. विचार करून थांबणं, पैशाचा हिशेब धरणं, जिभेवर ताबा ठेवणं ही कामं त्याच भागाची. ज्यांना चढ आला नाही त्यांच्यात अशी झीज दिसली नाही.

झटक्यामुळे झीज झाली, की झीज होती म्हणून झटके आले, हे अशा अभ्यासातून पक्कं ठरत नाही. पण घरच्यांच्या दृष्टीनं दिशा स्पष्ट आहे. आजाराचं नाव लागलं म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. पुढचा झटका टाळणं हेच मेंदू राखण्याचं काम आहे. डेन्मार्कमधल्या सरकारी नोंदींवरून २००४ साली असं दिसलं होतं की दाखल करावं लागेल असा प्रत्येक झटका पुढच्या डिमेन्शियाचा, म्हणजे म्हातारपणच्या विस्मृतीचा, धोका सरासरी सहा टक्क्यांनी वाढवतो. हे सहा टक्के मूळ धोक्याचे, शंभरातल्या सहा माणसांना होतो असं नव्हे. तरी पाचवा, सातवा, दहावा झटका म्हणताना ते साचत जातं.

गावात सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज इथंच आहे. ‘त्या गोळ्यांनी मेंदू सुन्न होतो’ म्हणून मेंदू वाचवायला गोळी बंद केली जाते. या आजारावरच्या लिथियम या औषधाच्या बाबतीत पुरावा बरोबर उलटा आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरनं १९४९ मध्ये लिथियमचा उपयोग पहिल्यांदा मांडला. आज पाऊणशे वर्षांनंतरही झटके रोखण्यात ते पहिल्या रांगेत आहे. एनिग्माच्या २०१८च्या अभ्यासात लिथियम घेणाऱ्यांचा कॉर्टेक्स न घेणाऱ्यांपेक्षा जाड निघाला, आणि लिथियम घेणाऱ्यांत डिमेन्शिया कमी आढळतो असंही इतर अभ्यास सांगतात. दुसरी बाजूही सांगायला हवी : त्याच अभ्यासात काही इतर औषधं, मनोविकारविरोधी आणि फिटची, घेणाऱ्यांत थर थोडा पातळ होता. ती औषधं बहुधा जास्त आजारी माणसालाच देतात, त्यामुळे दोष औषधाचा की आजाराचा हे सांगणं अवघड आहे. याचा अर्थ आपल्या मनानं गोळी टाकून द्यायची असा नाही. पुढच्या भेटीला डॉक्टरांना विचारा : ‘सगळं ठीक चाललंय, यातली कुठली कमी करता येईल का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नानं चिडत नाही. लिथियम मात्र एकदम बंद केलं तर थोड्याच महिन्यांत चढ येण्याची शक्यता खूप वाढते.

झटका टाळायचा कसा, याचं उत्तर या भागात झोपेपासून सुरू होतं. शहरातली पुस्तकं सांगतात, रोज ठरल्या वेळी झोपा. इथं शेतीच्या थ्री-फेज लाईटची पाळी रात्रीची आली की अख्खं गाव रात्री दारं धरायला उसात असतं. त्यात मार्च-एप्रिलला उजनीचं पाणी मागं हटतं. मग मोटारी पुढं न्यायच्या, पाईप वाढवायचे, केबल ओढायची, गाळातून चारी खणायची, ही धावपळ आठवडे चालते. मासेमारी करणाऱ्यांना तर पहाटेच जाळं ओढायचं असतं. कारखान्याचा हंगाम असेल तर तोडीची पाळी रात्री-अपरात्री. निरोगी माणूस यातून दोन दिवस पेंगत निघतो. बायपोलर असलेल्या माणसाला मात्र लागोपाठ दोन-तीन रात्रींचं जागरण चढाकडे ढकलू शकतं.

चिखलठाणच्या बाजूचा एखादा तिशीतला शेतकरी डोळ्यासमोर आणा. दोन वर्षांपूर्वी एकदा चढ येऊन गेलेला. आठवडाभर रात्रीची लाईट आहे. धाकटा भाऊ म्हणतो, “दादा, आजची दारं मी धरतो. तू गोळी घे न् पड.” थोरला हसतो : “मला झोपच नको झालीय रं. चार दिवसांत सगळी पाईपलाईन एकटा पुढं नेतो, बघ.” घरातल्यांना कौतुक वाटतं, माणूस कामाला लागला म्हणून. सावध व्हायचं ते याच वाक्याला. जागून दुसऱ्या दिवशी डुलक्या येत असतील तर तो साधा थकवा. जागूनही ताजातवाना, उलट जास्तच हुशारीत असेल, तर तो चढ असू शकतो.

त्यामुळे रात्रीच्या पाळीचं काम घरात वाटून घ्या आणि आजारी माणसाला त्यातून शक्यतो बाहेरच ठेवा. भावकीत पटत नसेल तर एखादा गडी रात्रीपुरता लावा. झटका येऊन दाखल करण्यापेक्षा त्याची मजुरी स्वस्तच पडते. मोटारीला ऑटो स्टार्टर असेल तर निदान चालू-बंद करायला उठावं लागत नाही. सौर पंपाचा अर्ज करायचा की नाही यावर घरात चर्चा चालू असेल, तर हे एक जास्तीचं कारण समजा. दिवसाची वीज शेतकऱ्यांनी मागितली ती साप-विंचू आणि बिबट्याच्या भीतीनं. माझ्या मते त्या मागणीत मानसोपचारतज्ज्ञांनीही सही करायला हवी.

नोंद ठेवायची सवय तर इथल्या माणसाला शिकवावीही लागत नाही. उजनी आज किती, हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं. ‘प्लसमध्ये आलं का?’ हा पावसाळ्यातला नमस्कार आहे. २०२४च्या जूनमध्ये धरण उणे साठ टक्क्यांच्या घरात गेलं तेव्हा रोजचा आकडा मोबाईलवर फिरत होता. मनाची नोंद तशीच ठेवायची. शाळेची दोनशेपानी वही घ्या. शून्य म्हणजे नेहमीसारखा दिवस. वर अधिक पाच, खाली उणे पाच. रोज रात्री एक ओळ : ‘१२ एप्रिल. झोप ४ तास. +२. गोळी घेतली. रात्री मोटारीवर.’ बस्स, निबंध नको. आजारी माणसानं स्वतः एक आकडा लिहावा आणि बायकोनं किंवा भावानं आपला वेगळा लिहावा. चढ लागलेल्या माणसाला आपण वर गेलोय हे कळत नाही. दोन आकड्यांत फरक पडायला लागला की तोच इशारा. कुठल्या आकड्याला फोन करायचा हे माणूस शून्यावर असतानाच डॉक्टरांसमोर ठरवा, उदाहरणार्थ लागोपाठ दोन दिवस अधिक दोन आणि झोप पाच तासांच्या खाली. उण्याकडे गेलं तर मरणाचे विचार येतायत का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. होय म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, कीटकनाशकाचे डबे घरातून आणि मोटारीच्या खोलीतून हलवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उजनी उण्यात गेली तरी तळाशी बरंच पाणी असतं. धरणाचा मृतसाठाच त्रेसष्ट टीएमसीच्या पुढे आहे. उण्यातला माणूसही संपलेला नसतो, हे घरच्यांनी त्याला नाही, आधी स्वतःला सांगायचं.

लिथियम चालू असेल तर सोलापूरच्या उन्हाळ्याकडे वेगळं लक्ष हवं. लिथियम हा एक क्षार आहे आणि मूत्रपिंड त्याला जवळजवळ मिठासारखंच वागवतं. अंगातलं पाणी-मीठ घटलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. चाळीस-बेचाळीस अंशात केळीच्या नाहीतर उसाच्या रानात घाम गाळणारा माणूस नेमका याच कात्रीत सापडतो. तेव्हा उन्हाळ्यात पाण्याची बाटली सोबत, आणि जेवणातलं मीठ नेहमीइतकंच. बीपी निघालं म्हणून एका दिवसात मीठ तोडायचं नाही, आधी डॉक्टरांना सांगायचं. बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी किंवा लघवी वाढवणारी गोळी सुरू होणार असेल तर ती देणाऱ्या डॉक्टरला ‘लिथियम चालू आहे’ हे वाक्य म्हणायलाच हवं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी लिथियमची पातळी वाढवते. ताप-दुखीला पॅरासिटामॉल चालतं. निर्जळी उपवास, रोजे किंवा पालखीसोबत इंदापूर-अकलूजवरून पंढरपूरपर्यंतची वाट, यातलं काही करायचं असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला. देव भेटायला पाणी प्यायलेलं चालतं.

लिथियम घेणाऱ्याचे हात जोरात थरथरू लागले, चाल झोकांड्या खाऊ लागली, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब लागले, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तालमीत घाम काढू, उतरेल, असं करू नका. ‘दारू प्यायलाय’ म्हणून अशा माणसाला झोपवून ठेवल्याचे प्रकारही होतात.

दारू आणि गांजा दोन्ही झटके ओढून आणतात. यावर जास्त लिहिण्याची गरज नाही, घरोघरी माहीत आहे. वजनाचं मात्र फारसं माहीत नसतं. काही गोळ्यांनी भूक वाढते, पोट सुटतं, साखर चढते, आणि बायपोलर रुग्णांत वाढलेल्या वजनाचा आणि पातळ कॉर्टेक्सचाही संबंध दिसला आहे. म्हणून दर भेटीला वजन, वर्षातून निदान एकदा साखर आणि चरबी तपासा.

बाळंतपण हा वेगळा, नाजूक काळ. पोट राहिलं की सासर-माहेर दोन्हीकडे पहिली गोष्ट होते ती गोळ्या बंद. अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये काढलेला निष्कर्ष असा : बायपोलर असलेल्या ज्या बायांनी गरोदरपणात औषध घेतलं नव्हतं, त्यांच्यात बाळंतपणानंतर ६६ टक्क्यांना झटका आला, ज्यांचं चालू होतं त्यांच्यात २३ टक्क्यांना. व्हॅल्प्रोएट हे औषध बाळासाठी घातक आहे, म्हणून मूल हवं असेल तर ते आधीच बदलून घ्यायचं. बाकी गोळ्यांचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञ आणि बाळंतपण करणारे डॉक्टर यांनी मिळून घ्यावा, आजीनं नाही. आजीनं दुसरं मोठं काम करावं : पहिले पंधरा दिवस रात्री बाळाला उचलून घ्यावं आणि पोरीला सलग पाच-सहा तास झोपू द्यावं. बाळंतीण भूत दिसतं म्हणाली, झोपेनाशी झाली किंवा बाळाबद्दल विचित्र बोलू लागली, तर देवऋषीकडे एक चक्कर मारून येऊ म्हणण्याइतका वेळ हाताशी नसतो.

देवऋषीचा विषय निघालाच आहे तर, कुणाची श्रद्धा मोडायला जाऊ नका. करमाळ्याच्या कमलाभवानीला नवस बोला, तुळजापूरला जा. अट एकच, गोळ्यांची पिशवी सोबत आणि झोप वेळेवर. साखळीनं बांधणं मात्र २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरळ निषिद्ध आहे, मग ते घरात असो की मठात. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार देऊ शकतो, तशी तरतूद याच कायद्यात आहे.

गावच्या डॉक्टरकडे जाताना एक गोष्ट लपवू नका. माणूस उण्यात असतो तेव्हा घरचे फक्त उदासीचं सांगतात. तीन वर्षांपूर्वी तो पंधरा दिवस झोपला नव्हता आणि दोन एकर विकायला निघाला होता, ते लाजेनं सांगत नाहीत. मग नुसती उदासीची गोळी मिळते, आणि तीच बायपोलरवाल्याला थेट चढात नेऊ शकते. तीच गोष्ट पैशाची. चढात माणूस सातबाऱ्यावर सही करायला मागेपुढे पाहत नाही. तो बरा असतानाच त्याच्या संमतीनं ठरवा की उसाचं बिल जमा झालं की कार्ड कुणाकडे राहील आणि जमिनीच्या कागदावर कुणाला विचारल्याशिवाय सही होणार नाही. हे प्रेमानं बोलता येतं, पण चढ आल्यावर नाही. तेव्हा वाद घालायचा नाही, आवाज खाली, घरात माणसं कमी, दिवे मंद, आणि डॉक्टरला फोन.

उपचार कुठं? सोलापूरला डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. इंदापूरकडच्यांना बारामतीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर आपल्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी येतात, हे आशाताईंना विचारून ठेवा. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा फुकट नंबर आहे; ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या या सेवेत मराठीत बोलता येतं.

लिथियमची रक्ततपासणी नवीन मात्रा सुरू झाल्यावर साधारण आठवड्यानं आणि पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी करायची असते. थायरॉईड आणि मूत्रपिंडाची सहा महिन्यांतून एकदा. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला लॅबमध्ये, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. कुगावहून किंवा केत्तूरहून निघताना ही वेळ धरूनच एसटी पकडा. गोळी खाऊन गेलात तर आकडा फुगलेला येतो आणि डॉक्टर नीट चाललेली मात्रा उगाच कमी करतात.